धाव, कोलांटी आणि पुन्हा धाव

पिण्याच्या पाण्याच्या तपासणी अहवालात ‘ई. कोलाय’ हे नाव दिसले की आपण धास्तावतो. पाण्यात मैला मिसळल्याची ती खूण असते. पण या जिवाणूचे बहुतेक वाण आपल्या आतड्यात कसलाही त्रास न देता राहतात, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच जिवाणूने शास्त्रज्ञांच्या एका पिढीला झपाटून टाकले. प्रश्न साधा होता. जेमतेम दोन मायक्रोमीटर लांबीची ही पेशी. तिला डोळे नाहीत, मेंदू नाही. तरी अन्न कुठल्या बाजूला आहे हे तिला कळते कसे, आणि ती तिकडे पोचते कशी? आज जिवंत पेशीच्या वर्तनाबद्दल जेवढे आपल्याला ठाऊक आहे, त्यात या एका प्रश्नाचे उत्तर सर्वांत तपशीलवार आहे. ते मिळाले याचे कारण, माझ्या मते, हा प्रश्न एका शास्त्राच्या मालकीचा कधी राहिलाच नाही. वनस्पतिशास्त्रज्ञाने तो मांडला, जीवरसायनशास्त्रज्ञाने हाताळण्याजोगा केला, आणि हायड्रोजनच्या अणूंवर काम करून आलेल्या भौतिकशास्त्रज्ञांनी त्याला आकडे दिले.

जिवाणू हलतात हे फार जुने ज्ञान. डेल्फ्टचे कापडव्यापारी लेवेनहूक यांनी १६७६ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून पाण्यातल्या सूक्ष्म जीवांची वळवळ कळवली होती. मात्र ही वळवळ नेमकी कुठल्या दिशेने होते, असा प्रश्न दोनशे वर्षांनी पडला. १८८० च्या दशकात उट्रेख्टचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर एंगेलमान यांनी शैवालाच्या तंतूवर लोलकातून रंगपट पाडला, तेव्हा ऑक्सिजनच्या ओढीने येणारे जिवाणू लाल आणि निळ्या प्रकाशाच्या जागी गोळा झाले. वनस्पती कुठल्या रंगाच्या प्रकाशात जास्त ऑक्सिजन सोडते हे जिवाणूंनीच दाखवून दिले. १८८४ मध्ये ट्यूबिंगनचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी बारीक केशनळीत मांसाचा अर्क भरून ती जिवाणूंच्या पाण्यात धरली, आणि जिवाणू नळीच्या तोंडाशी दाटले. रसायनाच्या दिशेने होणाऱ्या या हालचालीला ‘केमोटॅक्सिस’ हे नाव फेफर यांचेच.

पुढे ऐंशी वर्षे हा विषय जवळपास जिथल्या तिथे राहिला. त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. वैद्यकाला जिवाणू मारायचे होते, त्यांचे वागणे समजून घेण्याची निकड नव्हती. प्रयोग व्हायचे ते मांसाच्या अर्कात, आणि त्या अर्कातला कुठला पदार्थ जिवाणूला खेचतो हे सांगणे अशक्य होते. शिवाय जिवाणूंचे आनुवंशशास्त्रच नव्हते. ते उभे राहिले १९४० च्या दशकात. १९४६ मध्ये लेडरबर्ग आणि टेटम यांनी ई. कोलायच्या के-१२ या वाणात जनुकांची देवाणघेवाण होते हे दाखवले. त्याच सुमारास भौतिकशास्त्राकडून जीवशास्त्राकडे माणसे येऊ लागली होती. भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगर यांचे ‘व्हॉट इज लाइफ?’ हे पुस्तक १९४४ चे. मॅक्स डेलब्रुक हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ तर त्याआधीच विषाणूंवर काम करत होते. युद्ध संपल्यावर ही वाट रुळली. ती नसती तर पुढची गोष्ट घडली नसती.

ज्युलियस ॲडलर यांचा जन्म १९३० चा, जर्मनीतल्या एका छोट्या गावचा. नाझींच्या काळात, १९३८ मध्ये, हे ज्यू कुटुंब अमेरिकेत आले. ॲडलर जीवरसायनशास्त्र शिकले, आर्थर कोर्नबर्ग यांच्या हाताखाली डीएनए तयार करणाऱ्या विकरावर त्यांनी काम केले, आणि १९६० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात जीवरसायनशास्त्र आणि आनुवंशशास्त्र अशा दोन्ही विभागांत रुजू झाले. त्या काळी या शिक्षणाचा माणूस विकरे शुद्ध करत आयुष्य घालवी. ॲडलर यांनी वर्तन निवडले. प्राण्याचे वागणे रेणूंपर्यंत नेऊन समजून घ्यायचे असेल तर सर्वांत साध्या जीवापासून सुरुवात करावी, हा त्यांचा विचार होता. त्यांनी फेफर यांची केशनळी पुन्हा हातात घेतली, पण मांसाचा अर्क टाकून दिला. ज्याच्यातला प्रत्येक घटक माहीत आहे अशा द्रावणात ई. कोलाय वाढवायचे, नळीत एकच रसायन भरायचे, तासभराने नळीतले जिवाणू ताटलीवर पसरून वसाहती मोजायच्या. वर्णनाच्या जागी आता आकडा आला.

या आकड्याने एक पक्का समज मोडला. जिवाणू साखरेकडे जातो कारण साखर जाळून त्याला शक्ती मिळते आणि ती त्याला जाणवते, असे बहुतेकांना वाटे. ॲडलर यांनी गॅलॅक्टोज पचवण्याची क्षमता गमावलेले उत्परिवर्ती वाण घेतले. ते उपाशी राहिले, पण गॅलॅक्टोजकडे तरीही गेले. उलट, उत्तम पचणारी काही रसायने जिवाणूला अजिबात खेचत नव्हती. म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर खास त्या रसायनाला ओळखणारी ग्राही प्रथिने असली पाहिजेत. १९६९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या त्यांच्या लेखाचे हे सार. चव घेणे आणि खाणे या जिवाणूच्या लेखीही दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

ॲडलर यांच्या नळ्यांत आणखी एक दृश्य दिसले होते. एका टोकाला सोडलेले जिवाणू नुसते पसरत नव्हते. डोळ्यांना दिसतील असे त्यांचे दाट पट्टे एकामागून एक नळीतून पुढे सरकत. भौतिकशास्त्रात पीएच.डी. केलेल्या एव्हलिन फॉक्स केलर आणि गणितज्ञ ली सीगल यांनी १९७१ मध्ये या पट्ट्यांची समीकरणे मांडली: जिवाणू अन्न खातात, त्यामुळे मागे अन्न कमी आणि पुढे जास्त असा उतार तयार होतो, आणि त्या उतारावर सगळा थवा पुढे ओढला जातो. ही समीकरणे आज गणिताच्या एका स्वतंत्र शाखेचा पाया आहेत. पण थव्याचे गणित सुटले तरी एकटा जिवाणू काय करतो हे कुणालाच दिसत नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली तो एका क्षणात नजरेआड जाई.

इथे हॉवर्ड बर्ग येतात. कॅलटेकमध्ये रसायनशास्त्र, मग हार्वर्डला नॉर्मन रॅम्सी यांच्याकडे हायड्रोजन मेसरवर पीएच.डी. अणूंची कंप्रता अतिशय काटेकोरपणे मोजण्याचे ते यंत्र. हे शिक्षण घेऊन बर्ग जीवशास्त्राकडे वळले, आणि जिवाणू नजरेआड जातो या अडचणीवर त्यांनी मोजमाप करणाऱ्याचा उपाय काढला: जिवाणू पळत असेल तर त्याच्या खालचे पाणीच उलट दिशेला हलवायचे. कोलोरॅडोत बोल्डर येथे त्यांनी उभारलेल्या सूक्ष्मदर्शकात जिवाणूची प्रतिमा मध्यापासून जरा ढळली की प्रकाशमापक ती चूक पकडत, आणि विद्युतचुंबकी वेटोळी नमुन्याची बारीकशी कुपी तेवढीच सरकवून जिवाणूला पुन्हा मध्यावर आणत. कुपी किती सरकली याची नोंद म्हणजेच जिवाणूच्या प्रवासाचा त्रिमिती नकाशा. १९७१ मध्ये यंत्राचे वर्णन छापून आले आणि १९७२ मध्ये डग्लस ब्राउन यांच्यासोबत त्यातून मिळालेले निष्कर्ष ‘नेचर’मध्ये. त्यात वापरलेला वाण, एडब्ल्यू ४०५, ॲडलर यांच्याकडचा होता. नव्या यंत्राला ज्याचे वागणे आधीच नीट मोजले गेले आहे असा जिवाणू मिळाला नसता तर त्या नकाशांचा अर्थ लावणे अवघड गेले असते.

एका नोंदीचे तपशील पाहा. साडेएकोणतीस सेकंदांत सव्वीस धावा. सर्वांत लांब धाव ३.६ सेकंदांची, सरासरी वेग सेकंदाला सुमारे २१ मायक्रोमीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या दहापट. दोन धावांच्या मध्ये सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी कोलांटी, आणि कोलांटीनंतर नवी दिशा, जवळजवळ कुठलीही. जिवाणू वळून अन्नाकडे तोंड करत नाही. त्याला दिशा निवडताच येत नाही. तो फक्त एवढेच करतो: परिस्थिती सुधारत असेल तर कोलांटी लांबणीवर टाकतो. चांगल्या दिशेची धाव लांबते, वाईट दिशेची नेहमीएवढीच राहते, आणि एवढ्या फरकावर तो अन्नापर्यंत पोचतो. मला या सबंध इतिहासात याहून सुंदर निष्कर्ष दुसरा वाटत नाही. दिशेचे ज्ञान नसतानाही दिशा साधता येते, हे तिथे मोजून दाखवले गेले.

पण सुधारते आहे हे कळते कसे? दोन शक्यता होत्या. पेशी आपल्या पुढच्या आणि मागच्या टोकाची तुलना करत असेल, किंवा आत्ताची आणि थोड्या वेळापूर्वीची. बर्कलीचे डॅनियल कॉशलंड यांचे नाव विकरांच्या कामासाठी आधीच मोठे होते. विकरांच्या अभ्यासात दोन द्रावणे क्षणार्धात मिसळण्याची पद्धत रूढ आहे. कॉशलंड आणि रॉबर्ट मॅकनॅब यांनी ती जिवाणूंवर वापरली. साल्मोनेलाच्या द्रावणात सेरिन हे रसायन एकदम वाढवले. मिसळून झाल्यावर सगळीकडे प्रमाण सारखेच, पुढे-मागे फरक नाही. तरीही जिवाणू बराच वेळ कोलांटी न घेता सरळ पोहत राहिले. प्रमाण एकदम घटवले तर भराभर कोलांट्या. काही वेळाने दोन्ही गट पूर्ववत. १९७२ सालचाच हा प्रयोग. जिवाणू काळाची तुलना करतो, म्हणजे त्याला स्मृती आहे. १९७४ मध्ये ब्राउन आणि बर्ग यांनी विकराच्या साहाय्याने सगळ्या द्रावणात ग्लुटामेट एकसमान आणि हळूहळू वाढवून ही गोष्ट ई. कोलायमध्येही पक्की केली. पुढे बर्ग यांच्या प्रयोगशाळेनेच ही स्मृती मोजली: सरत्या एका सेकंदाची तुलना त्याआधीच्या तीन सेकंदांशी.

आता पोहण्याचे साधन. ई. कोलायच्या अंगावर चारेक लांब, मळसूत्री तंतू असतात. त्यांना कशाभिका म्हणतात. जाडी अवघी २० नॅनोमीटर. शुक्रपेशीच्या शेपटीसारखी त्यांच्यातून लाट जात असावी, असे सर्वसाधारण मत होते. १९७३ मध्ये बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी इतरांचे जुने प्रयोग पुन्हा वाचून वेगळा निष्कर्ष काढला. प्रतिपिंडांनी तंतू एकमेकांना जोडले की जिवाणू थांबतो. लाट जात असती तर तसे होण्याचे कारण नव्हते. तंतू मुळापासून फिरत असले पाहिजेत. सजीवात चाक नसते हे सगळ्यांनी गृहीत धरले होते, त्यामुळे हा दावा धाडसाचा होता. पुरावा पुढच्याच वर्षी आला. सॅन दिएगोत मायकेल सिल्व्हरमन आणि मेल्विन सायमन यांनी तंतू नसलेले, पण तंतूच्या मुळाशी असलेला आकडा लांबलचक वाढलेले उत्परिवर्ती जिवाणू घेतले आणि प्रतिपिंडाने तो आकडा काचेला चिकटवला. आकडा अडकला, आणि सबंध जिवाणू त्याच्याभोवती गरगर फिरू लागला. साध्या सूक्ष्मदर्शकातून कुणालाही दिसेल इतका स्वच्छ पुरावा! त्याच वर्षी ॲडलर यांच्या गटाने दाखवले की बाहेरून पाहता तंतू घड्याळाच्या उलट दिशेने फिरले तर त्यांची एकत्र जुडी होऊन धाव घडते, आणि घड्याळाच्या दिशेने फिरले तर जुडी सुटून कोलांटी. जिवाणूचे सगळे निर्णय एका मोटरची दिशा बदलण्यावर येऊन ठेपले.

मोटर चालते कशावर, याचेही उत्तर अनपेक्षित होते. पेशीतली बहुतेक कामे एटीपी या रेणूच्या शक्तीवर होतात. ही मोटर नाही. पेशीच्या पटलातून आत येणारा प्रोटॉनांचा ओघ तिला फिरवतो. १९७४ मध्ये ॲडलर यांच्या गटाने एटीपीला यातून बाहेर काढले आणि १९७७ मध्ये बर्ग यांच्या गटाने प्रोटॉनांचा हात सिद्ध केला. पीटर मिचेल यांचा प्रोटॉनांबाबतचा सिद्धांत, ज्याला १९७८ चे नोबेल मिळाले, त्याला हे डोळ्यांदेखत फिरणारे प्रमाण मिळाले.

याच काळात बर्ग यांच्यामुळे एडवर्ड पर्सेल या विषयात शिरले. पर्सेल यांना अणुकेंद्रकीय चुंबकी अनुनादासाठी १९५२ चे नोबेल मिळालेले. आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा २१ सेंटिमीटर तरंगलांबीचा संकेत १९५१ मध्ये पहिल्यांदा पकडणाऱ्या दोघांपैकी ते एक. जीवशास्त्राचे शिक्षण नसलेल्या या माणसाने जिवाणूच्या जगाचे भौतिकशास्त्र लिहून काढले. १९७६ मधले त्यांचे एक व्याख्यान पुढच्या वर्षी छापून आले आणि आजही विद्यार्थी ते वाचतात. त्याचा गाभा असा: एवढ्या छोट्या जीवासाठी पाण्याचा चिकटपणा सर्वस्व असतो आणि गतीची जडता शून्यवत. आपण काकवीने भरलेल्या हौदात पडलो आणि हातपाय अगदी संथ हलवायचीच मुभा असली, तर जिवाणूची अवस्था कळेल. मोटर थांबली की तो अणूच्या रुंदीएवढेसुद्धा अंतर पुढे घसरत नाही. अशा जगात मागेपुढे वल्हे मारून उपयोग नाही, कारण मागचा फटका पुढच्याची सगळी कमाई परत घेतो. मळसूत्र फिरवणे हा मात्र चालणारा उपाय आहे.

पर्सेल यांनी मग विचारले, जिवाणूने मुळात पोहावेच का? जागच्या जागी हात हलवून जास्त अन्न मिळत नाही. विसरण, म्हणजे रेणूंचे आपोआप पसरणे, त्याच्या हालचालींहून वेगाने रेणू आणून पोचवते. पण कुठे जास्त अन्न आहे हे जाणून घ्यायचे असेल तर विसरणापेक्षा पुढे जावे लागते. साखरेसारखा छोटा रेणू पाण्यात किती वेगाने पसरतो आणि जिवाणू किती वेगाने पोहतो, या दोन आकड्यांवरून ते अंतर निघते सुमारे ३० मायक्रोमीटर, म्हणजे साधारण एका सेकंदाचे पोहणे. दुसरीकडे, पाण्याच्या रेणूंचे धक्के जिवाणूला सतत फिरवत असतात. दहाएक सेकंदांत तो आपली दिशा पार विसरतो. त्यामुळे धाव एका सेकंदाहून फार छोटी असून चालत नाही आणि दहा सेकंदांएवढी लांब असून उपयोग नाही. बर्ग यांच्या यंत्राने मोजलेली धाव सरासरी एका सेकंदाच्या आसपासची होती. यंत्राने दिलेला आकडा तसाच का असावा, हे कागदावर निघाले.

१९७७ मध्ये दोघांनी मिळून लिहिलेला लेख आणखी पुढे गेला. रेणू यदृच्छेने येऊन धडकतात, तेव्हा कुठलीही पेशी आजूबाजूचे प्रमाण किती अचूक मोजू शकते याची मर्यादा त्यांनी काढली. आणखी एक थक्क करणारी गोष्ट त्यात होती. एका मायक्रोमीटर त्रिज्येच्या गोल पेशीवर नॅनोमीटरभर आकाराचे तीनेक हजार ग्राही विखुरले, तर ते पृष्ठभागाचा हजारावा भागसुद्धा व्यापत नाहीत. तरी सबंध पृष्ठभाग ग्राही असता तर जेवढे रेणू पकडले गेले असते त्याच्या निम्मे ते पकडतात. म्हणजे एकाच पेशीवर अनेक प्रकारच्या रसायनांसाठी वेगवेगळे ग्राही सुखाने नांदू शकतात. ॲडलर यांना प्रयोगात अनेक ग्राही सापडले होते. त्यांना जागा कशी पुरते हे आता कळले.

ग्राहीपासून मोटरपर्यंतचा निरोप कसा जातो हे उलगडायला आणखी दहा-पंधरा वर्षे गेली, आणि तिथे पुन्हा आनुवंशशास्त्र कामाला आले. यूटा विद्यापीठात जॉन पार्किन्सन यांनी नीट पोहणाऱ्या पण अन्नाकडे न जाणाऱ्या उत्परिवर्ती जिवाणूंमधून केमोटॅक्सिसला लागणाऱ्या ‘चे’ जनुकांची मालिका लावली. ॲडलर यांच्या गटाला १९७५ मध्ये ग्राही प्रथिनांवर मिथाइल गट चढतात असे दिसले होते. जिवाणूची स्मृती तिथेच लिहिली जाते. १९८८ मध्ये कॅलटेकमध्ये सायमन यांच्या गटाने उरलेली साखळी जोडली: ग्राहीशी जोडलेले ‘चे-ए’ प्रथिन फॉस्फेट गट ‘चे-वाय’ला देते, आणि फॉस्फेट मिळालेले ‘चे-वाय’ पेशीतून पसरत मोटरपाशी जाऊन तिची दिशा बदलते. अशा जोडप्रथिनांची व्यवस्था असंख्य जिवाणूंमध्ये असते, आणि त्यांतल्या अनेक रोगकारक जिवाणूंना शरीरात आल्याची वर्दी तीच देते. हा केमोटॅक्सिसच्या अभ्यासाचा सर्वांत दूरवर गेलेला परिणाम.

त्यानंतर, साखळी माहीत झाल्यामुळे, भौतिकशास्त्रज्ञांची दुसरी पिढी आली. नामा बार्काई आणि स्टानिस्लास लाइबलर यांनी १९९७ मध्ये गणिताने दाखवले की प्रथिनांचे प्रमाण बरेच कमीजास्त झाले तरी जिवाणू बदललेल्या परिस्थितीला अचूक सरावेल. १९९९ मध्ये उरी अलोन आणि सहकाऱ्यांनी प्रयोगात एका विकराचे प्रमाण पन्नासपटीपर्यंत वाढवले. सरावायला लागणारा वेळ बदलला, पण अचूकता ढळली नाही. २००२ मध्ये व्हिक्टर सूर्जिक आणि बर्ग यांनी चकाकणाऱ्या प्रथिनांच्या साहाय्याने जिवंत पेशीतला निरोप मोजला आणि ग्राहींच्या समूहात तो सुमारे ३५ पटींनी वाढतो हे दाखवले.

या यशाची एक मर्यादा नोंदवायला हवी. आपल्या शरीरातल्या पांढऱ्या पेशीही जिवाणूंकडे सरकतात, पण त्या पोहत नाहीत, सरपटतात. सॅली झिग्मंड यांनी १९७७ मध्ये त्यासाठी खास कक्ष बनवून मोजमाप केले. या पेशी मोठ्या आणि संथ असल्याने पुढच्या-मागच्या टोकाची तुलना करू शकतात, आणि त्यांच्या सरपटण्यामागे ॲक्टिन प्रथिनाचे जाळे सतत बांधले-मोडले जात असते. ई. कोलायची साखळी तिथे लागू पडत नाही. लागू पडले ते बर्ग-पर्सेल यांचे मर्यादेचे गणित. ते रेणूंच्या यदृच्छ धडकांवर बेतलेले असल्याने पेशी कुठलीही असो, वापरता येते. जिवाणूच्या तपशिलांपेक्षा त्याच्यावर काम करताना तयार झालेली विचारपद्धत पुढच्या संशोधकांना जास्त कामी आली, असे मला वाटते.

१९८४ मध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटीचा जैवभौतिकीचा पुरस्कार बर्ग आणि पर्सेल यांना विभागून मिळाला. बर्ग पुढे हार्वर्डला परतले आणि डिसेंबर २०२१ मध्ये निधन होईपर्यंत त्याच मोटरच्या मागे राहिले. त्याच्या आदल्या वर्षी, २०२० मध्ये, अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून मोटरच्या त्या भागाची रचना दिसली ज्यातून प्रोटॉन आत येतात. दोन प्रथिनांभोवती दुसऱ्या प्रकारची पाच प्रथिने कडे करून बसलेली. त्या रचनेवरून संशोधकांनी मांडले की प्रोटॉन जाताना हे पाचांचे कडे स्वतःच टप्प्याटप्प्याने फिरत असावे आणि मोटरचे मोठे चाक फिरवत असावे. जिचा स्थिर भाग आजवर स्थिरच मानला होता, त्या मोटरच्या आत आणखी छोट्या मोटरी आहेत असा याचा अर्थ, आणि प्रत्येक प्रोटॉनमागे ते कडे नेमके कसे सरकते हे तपासण्याचे काम आता चालू आहे.